मूळ कॅसेट स्वच्छ दिसते, डीव्हीडीवर मात्र चौकोन पडतात – काय चुकतंय?

केवडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून एका कामात अडकले आहे, म्हणून धागा काढते.

घरातल्या जुन्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी करायला घेतल्या आहेत. मिनीडीव्हीच्या पाच कॅसेट, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यातल्या काही फाइल्स आणि एक व्हीएचएस. मिनीडीव्ही मी कॅमेऱ्यातूनच फायरवायरच्या वायरने संगणकावर घेतल्या. संगणकावर हलत्या भागांत आडव्या रेघा दिसत होत्या, म्हणून एडिटिंग करताना 'डीइंटरलेस' वर खूण केली. तयार झालेलं सगळं एमपी४ म्हणून साठवलं आणि मग डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून 'डिस्कमध्ये बसव' असं निवडलं. एकूण २ तास ५० मिनिटं झाली, सगळी एकाच डिस्कवर.

टीव्हीवर लावलं तर वाईट वाटलं. मुलगी झोपाळ्यावर आहे त्या दृश्यात मागची झाडं म्हणजे नुसते चौकोन. चेहऱ्याभोवती माशा घोंघावल्यासारखं काहीतरी हलतं. कॅमेरा बाजूला वळला की चित्र अडखळतं. कॅमेरा थेट टीव्हीला जोडून तीच कॅसेट लावली तर छान दिसते!

आईला हे सगळं बघायचं आहे. तिला प्लेअर आणि रिमोट सवयीचे आहेत, म्हणून डिस्कच हवी. आणि त्या व्हीएचएसमध्ये आजी बोलते आहे. तिचं तेवढं एकच चित्रीकरण आमच्याकडे आहे. त्या कॅसेटला हात लावण्याआधी बाकीचं नीट जमायला हवं.

रानवारा

डिस्क राइट करताना वेग किती ठेवला होता? मी नेहमी सगळ्यात कमी वेगावर करतो, चित्र चांगलं येतं असा माझा अनुभव आहे.

जुनी_फीत

रानवारा, वेगाचा चित्राशी संबंध नाही. डिस्कवर आकडेच लिहिले जातात. ४एक्सवर लिहिले काय आणि ८एक्सवर लिहिले काय, नीट वाचले गेले तर तेच आकडे आणि तेच चित्र. फार जास्त वेगाने किंवा खराब डिस्कवर लिहिलं तर वाचताना चुका होतात. मग चित्र गोठतं, तुटतं, प्लेअर अडकून बसतो. त्या तक्रारीवर मधला वेग हा उपाय आहे, पण केवडाताईंची तक्रार वेगळी आहे.

ताई, तुमच्या लिहिण्यातच तीन कारणं दिसतात. सगळ्यात मोठं आधी घेतो.

एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. इथे जीबी म्हणजे अब्ज बाइट. संगणक तोच आकार ४.३८ दाखवतो, त्याने गोंधळू नका. बिट्समध्ये ते ३७.६ अब्ज होतात. २ तास ५० मिनिटं म्हणजे १०,२०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण ३.७ मेगाबिट मिळतात, आणि त्यातच आवाज, मेन्यू आणि थोडी मोकळी जागाही बसवायची आहे. चित्राच्या वाट्याला राहिले ३.३ च्या आसपास.

तुमच्या मिनीडीव्ही कॅसेटवर नुसत्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट आहेत. तासाभराच्या कॅसेटची फाइल १३ जीबीची होते ती त्यामुळेच.

आता कोणी म्हणेल, बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीही पाच-सहा मेगाबिटवर छान दिसतात. दिसतात, कारण डीव्हीडीचा एमपेग-२ हा प्रकार प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. आधीच्या फ्रेममधला कोणता तुकडा कुठे सरकला एवढं तो नोंदवतो आणि उरलेला फरक लिहितो. सिनेमाचा कॅमेरा स्टँडवर असतो, प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे लिहायला फरक थोडा उरतो. घरचा कॅमेरा हातात हलतो, खोलीत उजेड कमी असतो आणि कमी उजेडात चित्रावर बारीक दाणे नाचत राहतात. हे दाणे दर फ्रेमला वेगळे. त्यांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून एनकोडर (चित्र दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) बिट्स त्यांच्यावरच खर्च करून बसतो. झोपाळ्यामागची पानं म्हणजे आणखी कठीण परीक्षा, कारण प्रत्येक पान वेगळ्या दिशेला हलतं. बिट्स संपले की तो तपशील सोडून देतो आणि आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे उघडे पडतात. तेच तुमचे चौकोन. चेहऱ्याभोवतीच्या माशांचं मूळही हेच.

उपाय सोपा आहे: दोन डिस्क करा. ८५ मिनिटांना ७.४ मिळतात, त्यात चित्राला ६.८ तरी सहज देता येतील. फरक लगेच दिसेल.

तंत्रवेडा

जुनी_फीत यांच्याशी पूर्ण सहमत. आवाजाचंही बघून घ्या. काही प्रोग्रॅम आपणहून पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज निवडतात आणि तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. डॉल्बी डिजिटल २२४ किलोबिटवर ठेवलात तर घरच्या चित्रीकरणात कानाला फरक कळत नाही आणि सव्वा मेगाबिटहून अधिक चित्राला मिळतात.

केवडा (धागाकर्ती)

तपासलं. पीसीएमच होतं!

मग तीन डिस्क कराव्यात का? प्रत्येकी ५७ मिनिटं. जागेचा प्रश्न नाही, चित्र चांगलं हवं.

जुनी_फीत

करता येतील, पण जागा वाढली म्हणून बिटरेट (सेकंदाला किती बिट्स) हवा तितका वाढवता येत नाही. डीव्हीडीच्या नियमात चित्राची मर्यादा ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ मेगाबिट. त्या टोकाजवळ गेलात तर घरी राइट केलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर अडखळतात, कारण छापील डिस्कपेक्षा ती त्यांना वाचायला जड जाते. मी सरासरी ७ ते ८ आणि कमाल ८.५ च्या पुढे जात नाही. तेव्हा तास-सव्वातासाची एक डिस्क हे बरं माप आहे. दोन तासांवर मी कधीच जात नाही.

'व्हेरिएबल बिटरेट, टू पास' मिळत असेल तर तेच घ्या. पहिल्या फेरीत एनकोडर नुसता बघून घेतो की कुठे कठीण आहे, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो. आजी खुर्चीत बसून बोलते आहे तिथले वाचलेले बिट्स झोपाळ्याला जातात. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू द्या.

दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी मावतात हे खरं, पण जुन्या प्लेअरमध्ये त्या रुसतात. आईंसाठी एका थराच्या डीव्हीडी-आर बऱ्या.

पारिजात

मला एक कळत नाही, अजून डिस्क कशासाठी? पेनड्राइव्हवर एमपी४ टाकून टीव्हीला लावलं की झालं. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ च्या पुढे जात नाही, एचडी कॅमेऱ्यातलं चित्रीकरण त्यात लहान करून टाकणं मनाला पटत नाही.

केवडा (धागाकर्ती)

पारिजात, तुमचं म्हणणं समजतं. पण आई ७८ वर्षांची आहे. डिस्क आत सरकवली की सुरू होतं, हे तिला येतं. कुणाला हाक न मारता स्वतःच्या मनाने तिला बघता यावं एवढंच मला हवं आहे.

जुनी_फीत

पारिजात यांच्या मुद्द्यातला एक भाग मात्र घ्याच, ताई. डिस्क ही बघण्याची प्रत आहे, जपून ठेवण्याची नव्हे. फायरवायरने घेतलेल्या मूळ डीव्ही फाइल्स आणि एचडी कॅमेऱ्याच्या मूळ फाइल्स आहेत तशा दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. दहा वर्षांनी दुसरं काही करायचं झालं तर त्यांतूनच करायचं, या डीव्हीडीतून नाही.

दीपस्तंभ

उरलेल्या दोन कारणांवर मी लिहितो, कारण याच चुका मी स्वतः वर्षभर करत होतो आणि बऱ्याच डिस्क पुन्हा कराव्या लागल्या.

तुम्हाला संगणकावर ज्या आडव्या रेघा दिसल्या तो दोष नव्हताच. मिनीडीव्ही कॅमेरा सेकंदाला २५ अखंड चित्रं काढत नाही. तो ५० अर्धी चित्रं काढतो: एकदा विषम ओळी, पुढच्या क्षणी सम ओळी. प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणांची असतात, म्हणून संगणकाने ती एकावर एक ठेवून दाखवली की हलत्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. टीव्हीला हे ठाऊक असतं. तो फील्ड एकामागून एक दाखवतो किंवा स्वतः नीट जोडून घेतो.

तुम्ही डीइंटरलेस केलंत तेव्हा त्या पन्नासांतून पंचवीसच क्षण उरले. साध्या एडिटिंग प्रोग्रॅमचं डीइंटरलेस तर बरेचदा एक फील्ड टाकूनच देतं आणि दुसरं ताणून त्या जागी बसवतं. म्हणजे हालचाल निम्मी आणि उभा तपशीलही निम्मा. कॅमेरा वळताना चित्र अडखळतं असं तुम्ही लिहिलंय ना, ते बहुतेक यामुळे.

डीव्हीडी असं फील्डांचं, म्हणजे इंटरलेस्ड चित्र आहे तसं ठेवू शकते, तिची रचनाच त्यासाठी आहे. तेव्हा मिनीडीव्हीला डीइंटरलेस अजिबात करायचं नाही. संगणकावर बघताना त्रास होत असेल तर व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करा. ते फक्त बघण्यापुरतं असतं, फाइलला धक्का लागत नाही.

आणि मधलं एमपी४ काढून टाका. डीव्हीतून एमपी४ करताना एकदा तपशील गेला, एमपी४मधून एमपेग-२ करताना पुन्हा गेला. वर दुसऱ्या वेळी एनकोडर पहिल्याच्या खुणा खऱ्या तपशिलासारख्या जपायला बघतो आणि त्यांवरही बिट्स घालवतो. एडिटिंगमधून परत डीव्ही म्हणूनच बाहेर काढा. नुसती कापाकापी असेल तर त्यात चित्र नव्याने दाबलंच जात नाही, फक्त जिथे शीर्षक किंवा सरकता बदल टाकलात तेवढाच भाग पुन्हा तयार होतो.

केवडा (धागाकर्ती)

म्हणजे मी सुधारायला गेले आणि त्याच पायरीवर चित्र गेलं. मूळ डीव्ही फाइल्स सुदैवाने पुसल्या नाहीत.

आज तुमच्या सांगण्याप्रमाणे झोपाळ्याचा भाग पुन्हा केला. डीइंटरलेस नाही, एमपी४ नाही, चित्राला ७ मेगाबिट, आवाज डॉल्बी. चौकोन गेले! पानं पानांसारखी दिसतात. पण एक नवीनच झालं आहे. झोपाळा पुढे जाताना थरथरतो, जणू दोन पावलं पुढे आणि एक मागे. स्थिर दृश्यं मात्र उत्तम.

दीपस्तंभ

फील्डचा क्रम उलटा लागलाय. तुम्ही केलेलं वर्णन हीच त्याची ओळख आहे.

डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. तुमच्या एचडी कॅमेऱ्याच्या इंटरलेस्ड फाइल्समध्ये वरचं आधी. प्रोजेक्ट बहुतेक 'वरचं आधी' वर लागला असेल, म्हणून डीव्हीची फील्ड उलट्या क्रमाने दाखवली जाताहेत: आधी नंतरचा क्षण, मग आधीचा. डीव्हीडीला दोन्ही क्रम चालतात. फक्त फाइलमध्ये जे खरं आहे तेच एनकोडरला सांगायला हवं. मिनीडीव्हीसाठी वेगळा प्रोजेक्ट करा, त्यात 'लोअर फील्ड फर्स्ट' निवडा, आणि एनकोडरमध्येही तेच.

प्रत्येक वेळी पूर्ण डिस्क करू नका. सगळ्यात कठीण दोन मिनिटं निवडा: झोपाळा, पाणी, पळणारी मुलं, अंधारी खोली. ती डीव्हीडी-आरडब्ल्यूवर लिहा, आईंच्या टीव्हीवर बघा, पुसा, पुन्हा लिहा. संगणकाच्या पडद्यावर पाहून यातलं काही ठरवता येत नाही.

तंत्रवेडा

एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारा फुकट प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी: चित्र इंटरलेस्ड आहे हे त्याला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर तो फ्रेम अखंड समजून दाबतो आणि कंगव्याच्या कडांवर बिट्स उधळतो. विंडोजवर एचसीएन्क हा जुना, फुकट एमपेग-२ एनकोडर मला अजूनही आवडतो, कमी बिटरेटला तो चित्र चांगलं सांभाळतो. फाइल बाहेर तयार करून डीव्हीडीस्टायलरमध्ये घेतलीत तर तिथे 'कॉपी' निवडा. नाहीतर तो प्रोग्रॅम तेच चित्र पुन्हा एकदा दाबेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

रानवारा

वेगाबद्दलचं पटलं, धन्यवाद. माझ्याकडे सगळं एचडी कॅमेऱ्यातलं आहे, १०८० इंटरलेस्ड. मी सरळ ७२० बाय ५७६ निवडतो. तरी डिस्क मिनीडीव्हीहून मऊ आणि कडांना दुहेरी दिसते. एवढं मोठं चित्र लहान केल्यावर उलट जास्त धारदार यायला हवं ना?

दीपस्तंभ

यायला हवं, आणि येतंही. पण इंटरलेस्ड चित्र उभ्या दिशेने सरळ लहान केलं की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. दुहेरी कडा तिथून येतात. मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही.

योग्य क्रम असा: आधी दोन्ही फील्डमधून प्रत्येकी एक अखंड फ्रेम बनवायची, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. मग त्या लहान करायच्या. मग पुन्हा इंटरलेस करून डीव्हीडीला द्यायच्या. पहिल्या पायरीसाठी क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेसचा फिल्टर उत्तम, हायब्रिड नावाच्या प्रोग्रॅममध्ये ते तयार मिळतं. घाई असेल तर एफएफएमपेगमधलं बीडब्ल्यूडीआयएफ पण चांगलं आहे, फक्त ते फील्डमागे एक फ्रेम देईल असं ठेवा. शेवटी इंटरलेस करताना उभ्या दिशेने अगदी किंचित मऊपणा लागतो, नाहीतर खिडकीच्या जाळीसारख्या बारीक आडव्या रेघा टीव्हीवर लुकलुकतात.

इथे डीइंटरलेस करायला सांगतोय आणि वर ताईंना नको म्हटलं, यात विरोध नाही. मिनीडीव्हीचा आकार बदलायचा नसतो, म्हणून तिथे फील्डना हात लावायचं कारणच नाही.

एचडीत अजून दोन गोष्टी बिघडतात. एक, रंग. एचडीचे रंग ७०९ या गणिताने लिहिलेले असतात आणि डीव्हीडी ६०१ ने वाचते. मध्ये रूपांतर झालं नाही तर त्वचेचा आणि हिरव्याचा रंग थोडा सरकतो. थोडाच, पण ओळखीच्या माणसाचा चेहरा असला की डोळ्याला लगेच खटकतं. दुसरं, रुंद चित्र. प्रोग्रॅमने वर-खाली काळ्या पट्ट्या घालून ते ४:३ च्या चौकटीत बसवलं तर ५७६ पैकी ४३२ ओळीच चित्राला मिळतात. डिस्कचं गुणोत्तर १६:९ ठेवा. मग सगळ्या ५७६ ओळी चित्राच्या होतात आणि टीव्ही ते आडवं ताणून बरोबर आकारात दाखवतो.

पारिजात

ही १६:९ ची गोष्ट मला माहीत नव्हती. आता जुन्या डिस्क पाहिल्या, सगळ्यांत पट्ट्या आहेत.

घरी ब्ल्यू-रे प्लेअर असेल तर एचडी चित्रीकरण बीडी-आरवर घ्या हे मात्र सांगेन. २५ जीबी मावतात आणि चित्र लहान करावं लागत नाही. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओचं काय करता? माझा आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो.

तंत्रवेडा

मोबाइल ठरावीक गतीने फ्रेम काढत नाही. उजेड कमी झाला की गती कमी करतो. डीव्हीडीला मात्र ठाम एकच गती लागते. आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, दर्जा भरपूर चढा ठेवा, आवाज जागेवर येईल. सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण २५ मध्ये कोंबू नका, हालचाल खडबडीत होते. त्याची वेगळी, ७२० बाय ४८० वाली एनटीएससी (सेकंदाला ३० फ्रेमच्या पद्धतीची) डिस्क करा. दोन्ही प्रकार वाचणारे प्लेअर बरेच आहेत, तरी आधी आरडब्ल्यूवर तपासा.

केवडा (धागाकर्ती)

फील्डचा क्रम बदलला. झोपाळा आता सरळ जातो-येतो. दोन मिनिटांची आरडब्ल्यू आईला दाखवली. ती तीन वेळा बघत बसली.

रात्रीच्या एका चित्रीकरणात अजून दाणे फार आहेत आणि तिथे थोडे चौकोनही दिसतात. त्यावर काही करता येईल? आणि आता व्हीएचएसकडे वळायचा धीर आला आहे. कृपया कुणीतरी सविस्तर सांगा.

तंत्रवेडा

दाणे कमी करणारा फिल्टर फक्त त्या रात्रीच्या भागाला लावा, सगळ्याला नको. एफएफएमपेगमधला एचक्यूडीएन३डी हलक्या हाताने पुरतो. फिल्टर जास्त झाला की चेहरा मेणाचा वाटतो आणि हलणाऱ्या हातामागे सावली ओढली जाते. पाव दाणे गेले तरी एनकोडरचा भार हलका होतो, चौकोन आपोआप कमी होतील. अंधाराची पातळी ओढून उजळ करू नका, त्याने काळ्यातले दाणे वर येतात.

व्हीएचएसचं जुनी_फीत यांनीच लिहावं.

जुनी_फीत

लिहितो. आजींची कॅसेट आहे, म्हणून क्रमाने आणि सावकाश.

लावण्याआधी कॅसेटचं झाकण उघडून फीत उजेडात बघा. रिळाच्या कडेला पांढरट धूळ किंवा बुरशी दिसली तर ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते, फीत खरवडली जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी लागते. स्वच्छ असेल तर आधी दुसरी, गेली तरी चालेल अशी कॅसेट त्या व्हीसीआरमध्ये लावून तो फीत चावत नाही ना हे पाहा. हेड साफ करून घ्या. मग आजींची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी दाबून बसलेली फीत त्याने सारख्या ताणात येते.

ट्रॅकिंग हाताने लावा. व्हीसीआरवर 'शार्पनेस' असेल तर मध्यावर किंवा त्याहून खाली. ते वाढवल्याने तपशील येत नाही, कडांना पांढरी झालर येते आणि दाणे वाढतात.

वायर कोणती, यानेही फरक पडतो. पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात. पलीकडे ते वेगळे करताना कडांवर ठिपके रांगतात. एस-व्हिडिओमध्ये ते वेगळेच राहतात. बहुतेक साध्या व्हीएचएस व्हीसीआरना एस-व्हिडिओ नसतं. एस-व्हीएचएस व्हीसीआर कुणाकडे उसना मिळाला तर साधी व्हीएचएस कॅसेटही त्यात चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फितीवरची प्रत्येक ओळ थोडी लवकर किंवा थोडी उशिरा सुरू होते. जुन्या टीव्हीला ते चालायचं, कॅप्चर कार्डाला चालत नाही. दाराची उभी चौकट नागमोडी दिसते, चित्राचा वरचा भाग वाकतो, मधेच फ्रेम गळतात आणि आवाज सुटतो. यावर टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी लागतो. तो प्रत्येक ओळ धरून जागेवर बसवतो. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा, ही अनुभवी लोकांची युक्ती आहे. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठी विशेष ओळखले जातात. मी ईएस१५ वापरतो. ज्या कॅसेटमध्ये माणसांचे चेहरे वर वाकत होते ती सरळ उभी राहिली, तो दिवस मला आठवतो.

कॅप्चर करताना थेट एमपेग किंवा एमपी४ करू नका. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये हफवाययूव्ही हा साठवण्याचा प्रकार घ्या, त्यात चित्रातलं काही गळत नाही. तासाला तीस-चाळीस जीबी जागा जाईल. तेवढी आजींसाठी द्या. सुरुवातीला पातळ्या तपासा: काळा १६ च्या खाली आणि पांढरा २३५ च्या वर जात असेल तर कॅप्चर करण्याआधीच ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट लावा. एकदा पांढरी साडी सपाट पांढरी झाली की तिच्या चुण्या नंतर कुठल्याही फिल्टरने परत येत नाहीत.

चित्राच्या अगदी खाली काही ओळी फाटल्यासारख्या दिसतील. त्या हेड बदलताना पडतात आणि फितीवर असतातच. जुन्या टीव्हीत त्या चौकटीमागे लपायच्या. आता दिसतात. कापून चित्र ताणू नका, त्या ओळींवर काळी पट्टी टाका. आकार तोच राहतो आणि स्थिर काळ्याला जवळपास बिट्स लागत नाहीत.

दीपस्तंभ

जुनी_फीत, फारच सुंदर. एकच भर घालतो. व्हीएचएसचा आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा असतो, त्याला ७२० ठिपके लागत नाहीत. डीव्हीडीत ३५२ बाय ५७६ हे मापही नियमात बसतं. लांब कॅसेट एका डिस्कवर बसवायची असेल तर हे माप घ्या. ठिपके निम्म्याहून कमी झाल्याने तेवढ्याच बिट्समध्ये चित्र स्वच्छ राहतं.

रानवारा

हल्ली एआयने जुने व्हिडिओ एचडी करून मिळतात. आजींच्या कॅसेटला ते लावावं का?

जुनी_फीत

मी लावणार नाही. फितीवर जे नाही ते तो प्रोग्रॅम इतर हजारो चेहरे शिकून भरतो. डोळे धारदार होतात, पण ते आजींचेच डोळे राहतात असं मला वाटत नाही. करूनच बघायचं असेल तर वेगळ्या प्रतीवर करा आणि मूळ कॅप्चर तसंच ठेवा.

केवडा (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. एस-व्हीएचएस व्हीसीआर एका परिचितांकडे मिळाला, त्यात टीबीसी होता. कॅसेटला बुरशी नव्हती. हफवाययूव्हीत घेतली, ३८ मिनिटं, खाली काळी पट्टी टाकली, दाण्यांचा फिल्टर अगदी हलका. एवढीच एक डिस्क, म्हणून चित्राला ८ मेगाबिट दिले आणि माप ७२० च ठेवलं.

टीव्हीकडे जाणारी पिवळी पिन काढून प्लेअर एचडीएमआयने जोडला आणि टीव्हीचा शार्पनेस उतरवला. त्यानेच किती फरक पडला!

आजीच्या हातातल्या बांगड्या वेगवेगळ्या मोजता येतात. आई म्हणाली, तिच्या कपाळावरचा व्रण मला आठवतच नव्हता.

मिनीडीव्हीच्या चार डिस्क झाल्या, एचडीच्या दोन राहिल्यात. शेवटचं विचारते, डिस्कवर नाव कसं लिहावं? छापलेलं लेबल चिकटवलं तर चालेल?

तंत्रवेडा

कागदी लेबल नको. फिरताना तोल जातो, आणि काही वर्षांनी डिंक आकसून वरचा थर ओढतो. पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. डिस्क उभ्या पेटीत, उन्हापासून लांब. राइट झाल्यावर 'व्हेरिफाय' करायला विसरू नका.

केवडा (धागाकर्ती)

आईनेच लिहायचं म्हटलंय, तिचं अक्षर चांगलं आहे. मार्कर आणते. एचडीच्या डिस्क झाल्या की इथेच कळवते.